दहा रुपयांचं तिकीट : माहितीचा अधिकार, पाच महिने वापरून

एरवी मी रिव्ह्यू लिहितो ते पाण्याच्या पंपांचे नि कॉपर वायरचे, कारण माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि कोकणात खाऱ्या हवेत कुठली मोटार किती टिकते हे कंपनीपेक्षा मला जास्त माहीत. पण यंदा जूनपासून एक वेगळंच प्रॉडक्ट वापरतोय. किंमत दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्पच्या रूपात, आणि ते कुठल्याच ऑनलाईन साईटवर रेटिंगसकट मिळत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. माहितीचा अधिकार अधिनियम २००५. १२ ऑक्टोबर २००५ पासून उपलब्ध, म्हणजे मार्केटमध्ये येऊन वीस वर्षं झाली आणि आमच्या वाडीत तो वापरणारा मी पहिला, यावरूनच मार्केटिंग किती कच्चं आहे ते कळतं.

आधी गरज का पडली ते सांगतो. आमच्या वाडीतून शाळेकडे जायला मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा, लागतो. उन्हाळ्यात त्यात म्हशी बसतात, पण जुलैमध्ये तोच व्हाळ असा काही येतो की आवाज घरात ऐकू येतो. त्यावर साकव आहे, म्हणजे पायी जायचा छोटा पूल. तीन वर्षांपूर्वी जुना काढून नवीन बांधला, स्लॅब टाकला, बोर्ड लागला, नारळ फुटला. पण रेलिंग एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला आम्हीच आमच्या बेटातले दोन बांबू काथ्याने बांधलेत आणि दर मे महिन्यात काथ्या बदलतो. पोरांना शिकवलंय की लोखंडाच्या बाजूने चालायचं. गेल्या पावसात शेजारच्या काकींचा पाय घसरला आणि त्या बांबूला धरून वाचल्या, म्हणजे आमच्या बांबूला पाच स्टार. तेव्हा डोक्यात आलं की बाबा हे काम कागदावर नेमकं कसं आहे? एकाच बाजूचं रेलिंग मंजूर झालं होतं की दोन्ही बाजूंचं?

मग ऑर्डर केलं. ऑनलाईन पोर्टल आहे हे मला माहीत होतं, पण मला हवं ते ऑफिस त्या यादीत सापडेना, आणि अर्ध्या तासात रेंज तीनदा गेली. शेवटी तालुक्याला गेलो. नमुना म्हणजे 'जोडपत्र अ', कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे मिळतो. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे की अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. आधी मी वैतागलो, साकवाबरोबर रस्त्याचं, नळयोजनेचं सगळंच विचारायचं होतं. पण खरं सांगतो, या दीडशे शब्दांनी मला शिस्त लावली. 'कामात भ्रष्टाचार का झाला' असं विचारलंत तर उत्तर मिळत नाही, कारण तो प्रश्न आहे, माहिती नाही. 'अंदाजपत्रकाची प्रत द्या, मोजमाप पुस्तिकेची प्रत द्या, अंतिम देयकाची प्रत द्या, काम पूर्ण झाल्याचे फोटो द्या' असं मागायचं. कागद मागा, भाषण करू नका. हे मला झेरॉक्सवाल्या दादाने सांगितलं, त्याने असे बरेच बघितलेत म्हणे.

खिडकीवरच्या माणसाने अर्ज वाचला, वर बघितलं, आणि पहिला प्रश्न काय? "कशासाठी हवीय माहिती?" आवाज अजिबात दमदाटीचा नव्हता हं, आपण ओळखीच्याला विचारतो तसाच होता. आणि मी जवळजवळ सांगायलाच लागलो होतो. काकी, बांबू, पोरं, सगळी कथा. मग आठवलं की याच कायद्यात कलम ६(२) आहे, अर्जदाराने कारण सांगायची गरज नाही. म्हटलं, "साहेब, कारण द्यायला लागत नाही." त्याने एक सेकंद बघितलं आणि शिक्का मारला. पोच दिली.

या प्रॉडक्टमधलं हे फीचर मला सगळ्यात भारी वाटलं आणि जाहिरातीत ते कुठेच नसतं. कोकणातल्या गावात कारण न सांगता काही करणं किती अवघड आहे हे ज्याला माहीत त्यालाच कळेल. सकाळच्या एसटीत पिशवी घेऊन बसलात तरी चार जण विचारतात खंय, आणि नाही सांगितलंत तर संध्याकाळपर्यंत गावच कारण तयार करतं. घरी, देवळात, ग्रामपंचायतीत, सगळीकडे आधी 'तू कोणाचो' आणि मग 'कित्याक', म्हणजे कशाला. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या वडिलांना खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, पडवीत चढायची सोय नव्हती, खाली अंगणात उभं राहायचं आणि खंडाचा हिशेब तोंडी ऐकायचा. किती घातलं, किती बाकी, तो सांगेल ते. वही बघायला मागणं हाच उद्धटपणा. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. म्हणजे वही दाखवा म्हणायची सवय आमच्या किनाऱ्याला तशी फार जुनी नाहीच. त्या खिडकीवर 'कारण द्यायला लागत नाही' म्हणताना माझे कान गरम झाले होते, खोटं कशाला बोलू.

आता डिलिव्हरी. पॅकेटवर लिहिलंय तीस दिवस. (जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण साकव त्यात बसत नाही, काकी पडल्या असत्या तर कदाचित बसला असता.) तीस दिवस गेले, काही नाही. सदतिसाव्या दिवशी पत्र आलं की माहिती ४६ पानांची आहे, प्रति पान दोन रुपये प्रमाणे ९२ रुपये भरा आणि घेऊन जा. इथे नवीन ग्राहक फसतो. मी पण पैसे घेऊन निघालेलो, पण रात्री कायद्याचं पुस्तक चाळताना कलम ७(६) दिसलं : मुदतीत दिली नाही तर माहिती फुकट द्यायची. म्हणजे उशीर झाला तर पिझ्झा फ्री, तसं. दुसऱ्या दिवशी खिडकीवर कलम दाखवलं तर तो म्हणतो, "अहो ९२ रुपयांसाठी कशाला एवढं." म्हटलं, तेच मी पण म्हणतो, ९२ रुपयांसाठी कशाला एवढं. साहेब रजेवर, नंतर या. नंतर गेलो तर साहेब मीटिंगला. एकदा तर सांगितलं हा विषयच आमच्याकडे नाही, दुसऱ्या ऑफिसला विचारा. अहो मग ४६ पानं मोजली कोणी? आणि तसं असेल तरी कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तुम्हीच तिकडे पाठवायचा असतो, मी गावभर फिरवायचा नसतो. ऑफिसचं नाव मुद्दाम देत नाही, सगळीकडे साधारण हेच मॉडेल चालतं.

प्रत्येक फेरीचा खर्च धरा. एसटी, चहा, वडापाव, आणि दुकान बंद. पावसाळ्यात मोटारी जास्त जळतात, माझा सीझन तोच, लोक दारात जळकी मोटार ठेवून परत जायचे. सरकारी फी दहा रुपये असली तरी या प्रॉडक्टची खरी किंमत ही अशी बाजूने लागते. रोजंदारीवरच्या माणसाने चार फेऱ्या मारायच्या म्हणजे चार दिवसांची मजुरी गेली. दारिद्र्यरेषेखालच्याला फी माफ आहे, पण फेऱ्या कोण माफ करणार?

आणि दुसरा खर्च. हे लिहू की नको असा विचार करत होतो. अर्ज टाकल्याचं गावात चार दिवसांत कळलं, ऑफिसातून की झेरॉक्सवरून माहीत नाही. ज्याने काम केलं तो काही परका नाही, आमच्या पलीकडच्या वाडीतला, आईच्या माहेरकडून लांबचं नातं लागतं. तात्या देवळाच्या पायरीवर मला ऐकू येईल असं म्हणाले, "गावातलो माणूस गावातल्याक कागद विचारता काय?" दोन गिऱ्हाईकं तुटली. आई जेवताना एकच वाक्य बोलली, "तू एकटोच कित्याक फुडे जातस?" तिने टीव्हीवर कधीतरी बघितलं होतं, तळेगावच्या सतीश शेट्टींबद्दल, माहिती अधिकारातून जमिनींची प्रकरणं बाहेर काढायचे, २०१० च्या जानेवारीत सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा खून झाला. मी म्हटलं, आये, माझा साकव आहे नऊ पावलांचा, मला कोण मारणार. ती काही बोलली नाही, भात वाढला.

हे पण सांगायला हवं की गावाची चिडचिड अगदीच बिनबुडाची नाही. 'माहिती अधिकारवाला' हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा झालाय त्याला कारण आहे. काही लोक अर्ज टाकतात आणि मग ठेकेदाराला फोन करतात, मागे घेऊ का, काय ते बघा. म्हणून मी ठरवलं, कोणाला फोन करायचा नाही, जे काय ते कागदावर आणि अर्जाची प्रत दुकानात काउंटरवर टेपने चिकटवून ठेवायची. ज्याला वाचायचं त्याने वाचावं. गंमत म्हणजे तेव्हापासून लोक थांबून वाचायला लागले.

मग पहिलं अपील, 'जोडपत्र ब', वीस रुपयांचा स्टॅम्प. अपील ऐकणारे त्याच खात्यातले वरचे साहेब, म्हणजे पोळीवाल्याची तक्रार भाकरीवाल्याकडे. माझी अपेक्षा शून्य होती. पण सुनावणीला ते साहेब बरे निघाले. ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, धो धो पाऊस, छत्रीचं पाणी खुर्चीखाली साठलेलं. त्यांनी खिडकीवाल्या साहेबांना विचारलं, तारीख बघा, मुदत गेलेली आहे की नाही? गेलेली आहे. मग फुकट द्या, पंधरा दिवसांत. पाच मिनिटांत विषय संपला. तीन महिने अडलेली गोष्ट पाच मिनिटांची होती हे बघून आनंद झाला की संताप आला हे मला अजून सांगता येत नाही.

कागद आले. आता क्वालिटीबद्दल. झेरॉक्सची झेरॉक्स, काही पानांवर आकडे मुंग्यांसारखे. पण मोजमाप पुस्तिकेचं पान स्वच्छ होतं आणि त्यात शाईने लिहिलेलं, रेलिंग, नग २ बाजू. दोन बाजू! पैसे दोन बाजूंचे गेलेले. मी ते पान घेऊन साकवावर जाऊन उभा राहिलो, खरंच गेलो, एका हातात कागद आणि दुसऱ्या हाताखाली आमचा बांबू. त्या बांबूचं बिल तीन वर्षांपूर्वीच कोणीतरी घेतलं होतं. १९९६ मध्ये राजस्थानात ब्यावरला मजूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी चाळीस दिवस धरणं धरलं होतं ते याच कागदांसाठी, आमची हजेरी दाखवा, बिलं दाखवा, आमचा पैसा आमचा हिसाब. ते वाचलं होतं तेव्हा चांगलं वाटलं होतं. साकवावर उभं राहिल्यावर समजलं.

ऑफिसात विचारलं तर तोंडी उत्तर, दुसऱ्या बाजूचं रेलिंग पुरात वाहून गेलं. म्हटलं, लिहून द्या. मग पंखा फिरत राहिला फक्त.

आता या प्रॉडक्टच्या नवीन व्हर्जनबद्दल माझी मोठी तक्रार. माझ्या कागदांत दोन ठिकाणी काळी पट्टी मारलेली. ठेकेदाराचं नाव, आणि मोजमाप घेणाऱ्याचं नाव. कारण काय तर वैयक्तिक माहिती. नाव गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, पण कागदावर काळं! शोधलं तेव्हा कळलं की आधी कलम ८(१)(जे) मध्ये अट होती, वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती देऊन कोणाच्या खाजगीपणात उगाच घुसखोरी होत असेल तरच नाकारता येते, आणि वर एक झकास वाक्य होतं की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. कोणाही व्यक्तीला, म्हणजे मोटार रिवायंडिंगवाल्याला पण. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे कलम छाटून दोन शब्दांवर आणलं आणि ते वाक्य उडवलं. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते असं ८(२) अजून आहे, पण ते जनहित ठरवणार तोच, ज्याने पट्टी मारली.

मला यात जास्त काय खुपलं सांगू का. खाजगीपणाचा हक्क माझा पण आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की तो मूलभूत हक्क आहे, सरकारने उगाच माझ्या घरात डोकावू नये. मला तेव्हा बरं वाटलं होतं. तीच ढाल आता माझ्यासमोर धरून साकवाचं बिल लपवतायत. आणि माझं स्वतःचं काय? आधार कुठेकुठे दिलंय मलाच आठवत नाही, रोज लोनवाल्यांचे चार फोन येतात, त्यांना माझं नाव, गाव, दुकान सगळं माहीत. तिथे कोणी पट्टी मारली नाही.

शिवाय २०१९ ची दुरुस्ती. आधी माहिती आयुक्तांची, म्हणजे माहिती आयोगात दुसरं अपील ऐकणाऱ्यांची, मुदत कायद्यातच पाच वर्षं पक्की होती, आता मुदत नि पगार केंद्र सरकार ठरवतं. म्हणजे सर्व्हिस सेंटरवाल्याची नोकरी कंपनीच्या मर्जीवर, मग तो कंपनीविरुद्ध तक्रार कशी ऐकणार ते तुम्हीच बघा. कायद्यात दंड आहे, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, तोही अधिकाऱ्याच्या खिशातून. दात चांगले आहेत, पण चावायचं काम आयोगाचं.

आजोबांच्या पिढीतले लोक हे ऐकून हसतात. ते म्हणतात, तुम्हाला कागद नाही मिळाला म्हणून रडता, आमचा खासदारच आत होता. मधू दंडवते आमच्या राजापूर मतदारसंघाचे, आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात. त्या काळात १९७६ ला सुप्रीम कोर्टानेच चार विरुद्ध एक असं सांगितलं की आणीबाणी असताना अटकेविरुद्ध कोर्टात दाद पण मागता येणार नाही, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात. मान्य, त्या मानाने माझं रडगाणं लहान. पण हक्क एकदम जातात तेव्हा निदान तारीख तरी लक्षात राहते, २५ जून. इथे एक वाक्य उडतं, एक पट्टी येते, एक आयुक्ताची खुर्ची रिकामी राहते, आणि कोणाच्या कॅलेंडरवर त्याची खूण नाही. आमच्याच किनाऱ्यावर वर पालघरला २०१२ मध्ये दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून पकडलं होतं, एकीने लिहिलं म्हणून आणि दुसरीने लाईक केलं म्हणून. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ए कलमाखाली असं चालायचं ते २०१५ ला कोर्टाने रद्द केलं. तरी आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मोजमाप पुस्तिकेचं पान टाकलं तेव्हा चाळीस जणांनी बघितलं, अंगठा एकानेही दाखवला नाही. खाजगीत मात्र सात मेसेज आले.

आणि आता क्लायमॅक्स, जो मी ऑर्डर केलाच नव्हता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साकवावर दोन माणसं टेम्पोतून पाईप आणि वेल्डिंग सेट घेऊन हजर. कोणी पाठवलं तर म्हणे शेठने. कुठला शेठ, ते सांगायला तयार नाहीत. जनरेटर लावून दुपारपर्यंत दुसऱ्या बाजूला रेलिंग उभं! जुनं पिवळं होतं, हे निळं. पत्र नाही, बोर्ड नाही, नारळ पण नाही. बांबू सोडवून व्हाळाच्या कडेला टाकून गेले, ते मी घरी आणले, चांगले होते अजून.

तात्या दुकानात आले, खुर्चीवर बसले, आणि म्हणाले, "झाला मा काम, आता गप रव." आई पण तेच. आणि मला पण दोन दिवस तसंच वाटलं होतं, काम झाल्याशी मतलब. पण मी मागितले होते कागद. पुरात वाहून गेलं असं लिहिलेला कागद, फोटो, आणि त्या दोन पट्ट्यांखालची नावं. रेलिंग मिळालं हे म्हणजे मोटारीचं बिल मागितल्यावर दुकानदाराने नवीन पंखा हातात दिला तसं झालं. पंखा चांगला आहे हो, पण बिल? म्हणून दुसरं अपील टाकलं, 'जोडपत्र क', परत वीस रुपये, स्पीड पोस्टाने, आयोगाच्या कोकण खंडपीठाला, ते बसतं तिकडे नवी मुंबईत बेलापूरला. नव्वद दिवसांच्या आत टाकायचं असतं, हे विसरू नका. तारीख कधी लागेल देव जाणे, हाताखाली जळक्या मोटारी आहेत, मी आहे इथेच.

रेटिंग? डिझाईनला पाच. डिलिव्हरीला दोन, ते पण त्या अपिलातल्या साहेबांमुळे. नवीन व्हर्जनला एक. सगळं मिळून साडेतीन देतो, आणि परत घेणार का विचाराल तर घेणार, ऑलरेडी घेतलाय, नळयोजनेसाठी. काल काकी आल्या होत्या, निळ्या बाजूने चालत आल्या असं मुद्दाम सांगितलं, आणि पदरातून पासबुक काढून म्हणाल्या, "माझ्या पेन्शनीचो पण एक लिवन दी."

कोणी घेणार असाल तर दोन गोष्टी. आमच्याकडे स्टॅम्प वेंडर शनिवारी बसत नाही आणि दहाचे स्टॅम्प बरेचदा संपलेले असतात, त्यामुळे मिळाले की चार-पाच घेऊन ठेवा, पण पावसाळ्यात पाकिटात ठेवू नका, दमटपणाने चिकटतात. माझे दोन फुकट गेले. आता तांदळाच्या डब्यात ठेवतो.